इंदूरचा आकडा किती? नशेची मोजदाद देशात कशी होते, त्याबद्दल सविस्तर

इंदुरातल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "दर वर्षी २६ जूनच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाच्या, सुमाराला पेपरात येतं, देशात इतके कोटी लोक नशेच्या आहारी. आमच्या घरी किंवा मोहल्ल्यात कधी कुणी विचारायला आलं नाही, मग हे मोजतं कोण? आमच्या रहिवासी संघाला कलेक्टरसाहेबांना निवेदन द्यायचंय, त्यात इंदूरचा आकडा कुठून आणायचा? आणि नशा खरंच वाढतेय, की नुसती पकडापकडी वाढलीय?"

ताई, मी इंदुरातच सार्वजनिक आरोग्याचं काम करतो. घरोघरच्या पाहण्यांसाठी माणसं तयार करायची, व्यसनमुक्ती केंद्रांची रजिस्टरं तपासायची, त्यातून काय दिसतं ते काढायचं, हा माझा रोजचा उद्योग. म्हणून उत्तर लांबेल. एक गोष्ट आधीच सांगतो. नशेच्या राष्ट्रीय पाहणीतून इंदूर शहराचा आकडा निघत नाही. तसा आकडा कुणी दिलाच, तर बहुधा राज्याच्या टक्केवारीला शहराच्या लोकसंख्येने गुणलेलं असतं. तो निवेदनात घालू नका. पण त्यावाचून तुमचं काम अडणार नाही, ते कसं ते पुढे येईलच.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. किती लोक नशा करतात, हा एक. त्यांतल्या किती जणांना उपचारांची गरज आहे, हा दुसरा. आणि आपल्या गावात काय बदलतंय, हा तिसरा: कोणता पदार्थ नवा आलाय, पोरं कितव्या वर्षी सुरू करतायत, सुईकडे वळतायत का. प्रत्येकाला वेगळं साधन लागतं. पेपरवाले पहिल्याचं उत्तर छापतात आणि आपण ते तिसऱ्याला लावतो. गडबड तिथेच होते.

पहिल्यापासून घेऊ. सध्या जे कोटींचे आकडे फिरतात ते बहुतेक २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतले आहेत. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने ती केली. सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश धरून १८६ जिल्ह्यांतली दोन लाखांवर घरं, आणि १० ते ७५ वयाचे ४ लाख ७३ हजारांवर लोक. २०११च्या जनगणनेत देशात जवळजवळ २५ कोटी घरं होती, म्हणजे बाराशे घरांमागे एक. तुमच्या दारी कुणी आलं नाही यात काही नवल नाही. घरं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली तर एवढ्यावर देशाचा आणि राज्याचा अंदाज नीट निघतो. जिल्ह्याचा निघत नाही, कारण एकेका जिल्ह्याच्या वाट्याला घरंच थोडी येतात, आणि २०११च्या ६४० जिल्ह्यांपैकी बहुतेक जिल्हे तर निवडीतच नव्हते.

त्या पाहणीत दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी; भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के, अफूच्या कुळातले पदार्थ, म्हणजे अफू, हेरॉइन आणि औषधाच्या दुकानातल्या तसल्या गोळ्या-सिरप धरून, २.१ टक्के निघाले. मला यातली एक ओळ सगळ्यांत जास्त लागली होती. हुंगायचे पदार्थ, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, थिनर वगैरे, प्रौढांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयात १.१७ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेला हा एकच पदार्थ, आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

आता दारात उभं राहून विचारण्याबद्दल. एका खोलीचं घर, सासूबाई कॉटवर, सून ओट्याशी, आणि आमचा पोरगा पंचविशीतल्या मुलाला विचारतोय, "गेल्या वर्षभरात पावडर, म्हणजे हेरॉइन, घेतलीत का?" तो काय सांगणार? म्हणून आम्ही शिकवतो की माणसाला बाहेर ओट्यावर, गच्चीवर, जिन्यात, जिथे दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही तिथे न्यायचं. नाही जमलं तर परत यायचं, पण सगळ्यांसमोर विचारायचं नाही. सुरुवात तंबाखूपासून करायची, मग दारू, मग पुढे. आणि प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन विचारायचं. "नशा करता का?" या प्रश्नाला माळव्यात रोज भांग घेणारा माणूस मनापासून "नाही" म्हणतो. त्याच्या लेखी तो महादेवाचा प्रसाद आहे आणि सरकारी परवान्याच्या दुकानातून आणलेला आहे. भांगेचं वेगळं विचारलं की तोच माणूस सकाळ-संध्याकाळचा हिशेब देतो. राष्ट्रीय पाहणीतही भांग वेगळी आणि गांजा-चरस वेगळे मोजले आहेत. तसं केलं नसतं तर २.८ टक्क्यांतला मोठा भाग हा भांगेचा, हे कळलंच नसतं. गोळ्यांचंही तेच. डब्यावरचं नाव कुणाला माहीत नसतं, 'बटन' म्हटलं की लगेच कळतं. बोलीतली नावं गावागणिक बदलतात, त्यामुळे प्रश्नावली दिल्लीत तयार झाली तरी शब्द इथले घालावे लागतात.

एवढं करूनही घरोघरची पाहणी एका ठिकाणी लंगडी पडतेच. ज्याची नशा हाताबाहेर गेली तो घरी सापडत नाही. तो स्टेशनच्या बाजूला असतो, पुलाखाली असतो, जेलमध्ये असतो, किंवा घरच्यांनी हाकललेला असतो. होस्टेलवरची पोरंही या जाळ्यात येत नाहीत, आणि इंदुरात कोचिंगसाठी आलेली पोरं किती आहेत ते भंवरकुआँच्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं की दिसतं. शिवाय लाज आणि भीती आहे. एम्सच्या पुढाकाराने १० शहरांतल्या शाळांत अलीकडे एक अभ्यास झाला. सुरुवातीचं सरासरी वय १२.९ वर्षं निघालं, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितलं की असं काही विचारलं तर आम्ही लपवू. म्हणून घरोघरचा आकडा हा नेहमी 'निदान एवढे तरी' असा वाचायचा.

मग लपलेल्यांना मोजायचं कसं? इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो, आणि हा भाग मी जरा फोडून सांगतो, कारण सगळ्यात जास्त शंका यावरच घेतल्या जातात.

त्याच राष्ट्रीय पाहणीचा दुसरा भाग १३५ जिल्ह्यांत झाला. तिथे नशा करणाऱ्यांनीच पुढच्या माणसाला आणलं. आधी काही जण शोधायचे, त्यांच्याशी बोलायचं, प्रत्येकाला मोजक्या चिठ्ठ्या द्यायच्या, त्याने आपल्या ओळखीच्यांना द्यायच्या, ते आले की त्यांना पुन्हा चिठ्ठ्या. चिठ्ठ्या मोजक्याच, म्हणजे एकाच अड्ड्याचे सगळे येत नाहीत. शिवाय प्रत्येकाला विचारायचं की तुमच्या ओळखीत असे किती आहेत. ज्याच्या ओळखी फार तो सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून हिशेबात त्याचं वजन कमी करायचं. अशा रीतीने सत्तर हजारांहून जास्त लोकांशी बोलणं झालं.

या लोकांना आणखी एक प्रश्न असतो: गेल्या वर्षभरात अमुक केंद्रात भरती झाला होतात का? समजा ३०० जणांशी बोललो आणि १५ जण हो म्हणाले, म्हणजे ५ टक्के. त्या केंद्राच्या रजिस्टरात वर्षभरात २०० जण दिसतात. हे २०० जर एकूणाच्या ५ टक्के असतील, तर एकूण ४,०००. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण रीत हीच.

आता रजिस्टर उघडा. इंदूरच्या एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, देवासचा माणूस येतो, धारचा येतो, खरगोन-झाबुआचा येतो. त्या २०० मधले ८० बाहेरच्या जिल्ह्यांतले असतील आणि ते वेगळे काढले नाहीत, तर ४,०००चं उत्तर चुकीचं. खरं २,४०० आहे. वर एकच माणूस जानेवारीत 'राजू' आणि ऑगस्टमध्ये 'राजेंद्र' म्हणून दोनदा नोंदलेला असतो. पत्ता खोटा असतो, फोन मित्राचा असतो. म्हणून मी केंद्रात गेलो की आधी रजिस्टरातला पत्त्याचा रकाना बघतो. तो भरलेला नसेल तर पुढची सगळी गणितं डळमळीत. केस पेपर भरणारा कारकून किंवा नर्सताई हा या साऱ्या मोजणीचा पाया आहे, आणि त्यांना कुणी कधी सांगत नाही की तुमच्या या रकान्यावर जिल्ह्याला औषध किती मिळणार ते ठरतं.

उपचारांची गरज किती, हे अशा जोडकामातून निघतं. २०१९च्या अहवालात अफूच्या कुळातल्या पदार्थांसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख आहेत, आणि सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख.

"वाढतेय का?" या प्रश्नाकडे वळण्याआधी एक सावध करतो, कारण निवेदनात लोक नेमकं हेच घालतात. याआधीची मोठी राष्ट्रीय पाहणी २०००-०१ मध्ये झाली, तिचा अहवाल २००४ मध्ये आला. त्यात दारू २१.४ टक्के आणि अफूचे पदार्थ ०.७ टक्के. शेजारी २०१९ ठेवलं की दारू घटली आणि अफू तिप्पट झाली असं दिसतं. दोन्ही निष्कर्ष असे काढता येत नाहीत. २००४च्या अहवालात फक्त पुरुष होते, १२ ते ६० वयाचे, सुमारे ४०,७००. २०१९ मध्ये बायका आणि पुरुष दोन्ही, १० ते ७५. फक्त पुरुष घेतले तर २०१९ची दारू २७.३ टक्के होते. तरीही तुलना जमत नाही, कारण तेव्हा गेल्या महिन्याभरातलं विचारलं होतं आणि आता गेल्या वर्षभरातलं. होळीला एकदाच पिणारा पहिल्या मोजणीत बहुधा येत नाही, दुसऱ्या मोजणीत येतो. दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणाला विचारलं, कोणत्या वयाच्या, आणि किती काळाबद्दल, एवढं तरी बघा. यातलं एक जरी वेगळं असेल तर 'वाढ' हा शब्द वापरू नका.

पकडापकडीच्या आकड्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन टन हेरॉइन सापडलं. त्यावरून कच्छमध्ये केवढे हेरॉइन घेणारे आहेत असा हिशेब कुणी करणार नाही, तो माल वाटेवरचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळ बगरोदा औद्योगिक भागात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना पकडला. त्या एका धाडीने मध्य प्रदेशचा त्या वर्षीचा आकडा कुठच्या कुठे गेला असणार. भोपाळच्या पोरांत एमडी किती आहे ते त्यातून कळत नाही. जप्ती वाढली याचा अर्थ माल वाढला, किंवा पोलीस जास्त फिरले, किंवा खबऱ्या चांगला मिळाला. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. मंदसौर, नीमच, रतलाम हा परवान्याच्या अफूचा पट्टा, नीमचला सरकारी अफू कारखाना, केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला. तिथली अफू आणि डोडाचुरा (अफूच्या बोंडांचा चुरा) इंदूरमार्गे पुढे जाताना पकडला जातो, आणि गुन्हा जिथे पकडला तिथे नोंदला जातो. तरी मी जप्तीच्या बातम्या बारकाईने वाचतो. प्रमाणासाठी त्यांचा उपयोग नाही, पण या भागात कोणता नवा पदार्थ पोचलाय हे त्यातून उपचार केंद्राच्या आधी कळतं.

आता तिसरा प्रश्न, म्हणजे खरी निगराणी. याचा देशातला चांगला नमुना एचआयव्हीच्या कामात आहे. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, ठरलेल्या केंद्रांवर, ठरलेल्या काळात, ठरलेल्या पद्धतीने, नाव न जोडता रक्ताचे नमुने तपासते, आणि फेरी संपली की पुढची फेरी तशीच. सुईने नशा करणाऱ्यांत २०१७ मध्ये ६.२६ टक्के एचआयव्ही होता, २०२१ मध्ये ९.०३ टक्के. दोन फेऱ्यांची रीत एक असल्यामुळे या फरकाकडे लक्ष द्यावंच लागतं. सुया वाटणं, हेरॉइनऐवजी उपचार म्हणून जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देणं, ही कामं कुठे वाढवायची ते अशा आकड्यांवर ठरतं, आणि त्यावर माणसांचे जीव आहेत.

जिल्ह्यात हेच रजिस्टरांतून जमतं. मी एका केंद्राची तुलना दुसऱ्याशी करत नाही. त्याच केंद्राची त्याच तिमाहीशी करतो, गेल्या वर्षीच्या. आणि एकूण संख्या शेवटी बघतो. आधी बघतो पहिल्यांदा आलेल्यांचं वय, पहिला पदार्थ कोणता, सध्याचा मुख्य पदार्थ कोणता, ओढतो की गोळी घेतो की टोचतो, आणि कुठल्या वस्तीतला. पंचवीस-तिशीच्या पावडरवाल्यांच्या यादीत सतरा-अठराची नावं दिसू लागली, किंवा पन्नीवर ओढणारे सुईकडे जाताना दिसले, तर एकूण संख्या तीच असली तरी परिस्थिती बिघडलेली असते. सरकारने एखाद्या गोळीची विक्री आवळली की तिथेही आकड्यांची रेष बदलते. २०१८च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडॉल हे दुखणं थांबवायचं औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. अशा वेळी ते घेणारा माणूस नशा सोडतो की दुसऱ्या गोळीवर जातो, हे घरोघरच्या पाहणीत कळायला वर्षं लागतात, रजिस्टरात महिन्यांत कळतं.

यातही मर्यादा आहे. नशा सुरू झाल्यावर माणूस उपचाराला येईपर्यंत बहुधा काही वर्षं जातात. त्यामुळे केंद्रातला आजचा चेहरा मोहल्ल्यातली काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. ताजी खबर वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांकडे, स्टेशनवरच्या मुलांसोबत काम करणाऱ्यांकडे आणि कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असणाऱ्या डॉक्टरांकडे असते. पण कॅज्युअल्टीच्या कागदावर 'बेशुद्ध अवस्थेत आणले' एवढंच असतं, आणि माणूस दगावला तर व्हिसेऱ्याचा, म्हणजे अवयवांच्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंत महिने उलटतात. तिथे एक साधा रकाना वाढला तरी फार मिळेल.

युरोपात २०११ पासून आणखी एक रीत चालते: वर्षातला ठरलेला एक आठवडा शहरांच्या सांडपाण्याचे रोजचे नमुने घ्यायचे आणि शरीरातून बाहेर पडलेले अंश मोजायचे. कोणाला काही विचारायची गरज नाही, आणि शनिवार-रविवारी कोकेन वाढतं हेसुद्धा दिसतं. इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं शहर, ठरलं, नाल्यांचं पाणी कबीटखेडीसारख्या शुद्धीकरण केंद्रांकडे वळवलं गेलं, त्यामुळे इथे हे करण्याजोगं आहे असं माझं मत आहे. पण पाणी वय सांगत नाही, वस्ती सांगत नाही, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी कोणती आणि नशेची कोणती हेही सांगत नाही. मला आज पैसे मिळाले तर मी ते आधी रजिस्टर भरणाऱ्या माणसाच्या पगारावर लावेन.

आता तुमचं निवेदन. काय लिहायचं ते थोडं तुमच्या मोहल्ल्यावर अवलंबून आहे. तुमच्याकडे सोल्युशन हुंगणारी लहान मुलं दिसत असतील तर शाळा आणि बालकल्याण समिती हा रस्ता. पंचविशीतली पावडर आणि सुया दिसत असतील तर उपचार केंद्र आणि गोळीवाटप केंद्र जवळ हवं, हा मुद्दा. दारू आणि तंबाखूसाठी मात्र आकडा आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीचं इंदूर जिल्ह्याचं पत्रक काढा, त्यात १५ वर्षांवरच्या बायका आणि पुरुषांचे आकडे वेगवेगळे आहेत. बाकी पदार्थांसाठी आकडा द्यायच्या भानगडीत न पडता तो मागा. जिल्ह्यात अमली पदार्थांसाठीच्या 'एनकॉर्ड' समितीची बैठक कलेक्टरांच्याच अध्यक्षतेखाली होते. तिथे पोलीस जप्ती मांडतात. त्याच टेबलावर जिल्ह्यातल्या सगळ्या उपचार केंद्रांचा गोषवारा मांडला जावा, नव्याने आलेल्यांचं वय, पदार्थ, घेण्याची रीत आणि वॉर्ड एवढ्या चार रकान्यांचा, नावाशिवाय, आणि तो जाहीर व्हावा, अशी मागणी करा. खर्च जवळजवळ नाही, आणि वर्षभरात तुम्हाला इंदूरची स्वतःची रेष मिळेल.

एक विनंती. रहिवासी संघाने स्वतः घरोघर फिरून किंवा व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवून 'कोण नशा करतं' अशी यादी करू नये. यादी झाली की ती फुटते, मग त्या पोराला ठाण्यातून बोलावणं येतं, आणि गल्लीतले बाकीचे उपचाराला जायचेच बंद होतात. थोडी नशा बाळगल्याचा किंवा केल्याचा आरोप असलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला आला, तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. उपचारांची गुप्तता २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे. ही तीन वाक्यं निवेदनाच्या पाठीमागे छापून मोहल्ल्यात वाटा. सोबत १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर द्या.

मसुदा तयार झाला की इथेच टाका. रकान्यांची भाषा मी बघून देईन.